डीव्हीडीत अडकलेलं पिंपरी-चिंचवड

आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात चेनची एक काळी पिशवी आहे. तीत प्लास्टिकच्या खिशांत चोवीस चकत्या. कुणावर मार्करने 'आत्याचं लग्न भाग 2' लिहिलंय, कुणावर 'यात्रा 1998', एकीवर नुसतंच 'दादा निरोप'. काहींवर दुकानदाराने रंगीत स्टिकर चिकटवलाय: नवरा-नवरीचा बदामात बसवलेला फोटो, मागे स्वित्झर्लंडचे डोंगर, खाली स्टुडिओचं नाव आणि आता लागत नसलेला सहा आकडी फोन नंबर. पिंपरी-चिंचवडमध्ये ज्यांची पहिली पिढी कारखान्यात लागली आणि दुसरी पिढी संगणकासमोर बसली, अशा बहुतेक घरांत ही पिशवी असते. फक्त आता ती वाजवायला घरात काही उरलेलं नसतं. डीव्हीडी प्लेअर भंगारात गेला आणि नव्या लॅपटॉपला चकती घालायची फटच नाही.

या शहराचा इतिहास लिहायला बसलं की ठरलेल्या तारखा येतात. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली. पाठोपाठ आकुर्डीला स्कूटर, टेल्कोच्या मोटारी, भोसरीत लघुउद्योगांचे गाळे. 1970 साली नगरपालिका, 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण, 1982 साली महानगरपालिका. मग नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून कारखाने नाशिक रस्त्याने चाकणकडे सरकू लागले आणि 2009 साली तिथे फोक्सवॅगनचा प्रकल्प उभा राहिला. यातलं सगळं खरं आहे आणि सगळं गॅझेटियरमध्ये सापडतं. पण माणसं कामावरून घरी आल्यावर काय करत होती, हळदीला काय गात होती, साठाव्या वर्षी हार गळ्यात पडल्यावर कसं ओशाळं हसत होती, हे गॅझेटियरमध्ये नाही. ते या काळ्या पिशवीत आहे, आणि पिशवीचं आयुष्य संपत आलंय.

आपल्याकडे चालत्या चित्राची सुरुवातच मुळी घरगुती व्हिडिओसारखी झाली, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी 1899 साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. 1901 च्या डिसेंबरात केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचं स्वागत चित्रित केलं. एक कुस्ती, एक सत्कार. नव्वद वर्षांनी चाकणच्या पट्ट्यातला शूटिंगवाला भाऊ खांद्यावर कॅमेरा घेऊन नेमकं हेच करत होता: यात्रेतला आखाडा, बैलगाड्यांचा घाट आणि कुणाचा तरी सत्कार. सावेदादांच्या त्या फिती आज पाहायला मिळत नाहीत. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं, पी. के. नायर यांनी तिथे बसून अक्षरशः गावोगावचे डबे गोळा केले, फाळक्यांच्या फिती मिळवल्या. तरीही जानेवारी 2003 मधल्या आगीत नायट्रेटच्या कित्येक जुन्या फिती जळाल्या. ज्यांच्यासाठी सरकारी इमारत होती त्यांची ही कथा. आत्याच्या हळदीसाठी इमारत कोण बांधणार?

व्हिडिओ आमच्याकडे आला तो भाड्याने. 1982 च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि त्यानंतरच्या दोन-चार वर्षांत 'व्हीसीआर आणि टीव्ही भाड्याने मिळेल' अशा पाट्या पिंपरी कॅम्पापासून तळेगावपर्यंत दिसू लागल्या. एका रात्रीत तीन पिक्चर, वर्गणी काढलेली, चाळीच्या मधल्या पॅसेजमध्ये सतरंज्या. त्याच यंत्रातून पुढे लग्नाची कॅसेट फिरू लागली. जेव्हीसीने व्हीएचएस 1976 साली जपानात आणलं तेव्हा ते टीव्हीवरचे कार्यक्रम टिपून ठेवण्यासाठी होतं. आपण त्याचा उपयोग लग्न टिपण्यासाठी केला, आणि असा केला की 'शूटिंग' या शब्दाचा अर्थच बदलला. 'शूटिंग आहे का?' असं विचारलं की सोयरिकीची ऐपत कळायची.

शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्यावर एक हॅलोजन असायचा. तो पेटला की मांडवातल्या बायका पदर सावरायच्या आणि म्हातारे डोळे मिटायचे. जुन्या कॅसेटीत सगळे म्हातारे डोळे मिटलेलेच दिसतात. मागे वायर धरून चालणारा पोरगा. शूट झालं की आठ-पंधरा दिवसांनी 'मिक्सिंग'. इथे आपल्या इतिहासाचा एक मोठा घात झाला, आणि तो कुणाच्या दुष्टपणाने नव्हे, हौसेने झाला. मिक्सिंग म्हणजे चित्राभोवती फिरणारे बदाम, कारंज्यातून वर येणारा नवरदेव आणि या सगळ्यावर हिंदी गाणं. गाणं टाकायचं म्हणजे मूळ आवाज काढायचा. आवाजाचा दुसरा माग वेगळा ठेवायची पद्धत नव्हती. मूळ कॅसेट महाग, म्हणून तीच पुसून पुढच्या लग्नाला वापरायची. त्यामुळे आमच्याकडच्या शेकडो हळदींमध्ये बायकांचे ओठ हलतात, हात उलगडतात, आणि आवाज येतो तो त्या सालच्या हिट पार्श्वगायिकेचा.

त्या बायका काय गात होत्या ते आपल्याला अजिबातच माहीत नाही असं नाही. गी प्वातवें आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात बसून ऐंशीच्या दशकापासून मुळशीच्या डोंगरापासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो साठा लाखावर ओव्यांचा झाला, आणि 2017 पासून तो 'परी' या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येऊ लागला. त्यामुळे ओव्यांचे शब्द वाचले. पण माझ्या घरातल्या बाईचा आवाज ही वेगळी गोष्ट. ती त्या साठ्यात नाही. ती असलीच तर 'आत्याचं लग्न भाग 2' मध्ये आहे.

कॅसेटवरून चकतीवर यायला आमच्याकडे एक मधला मुक्काम झाला: व्हीसीडी. 1993 साली ठरलेल्या या प्रकारात चित्र जेमतेम 352 बाय 288 ठिपक्यांचं. जोरात काही हललं की चौकोनी ठोकळे. तरी आपल्याकडे व्हीसीडी डीव्हीडीपेक्षा कितीतरी जास्त खेळली, कारण प्लेअर स्वस्त होते आणि चकती साधी सीडीच होती. डीव्हीडी 1996 च्या नोव्हेंबरात जपानात विकायला आली. आमच्या बाजूला ती खऱ्या अर्थाने पोचली दहा वर्षांनी. नोएडाच्या मोझर बेअरने 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी असे पिक्चर बाजारात ओतले तो तो काळ. त्याच सुमाराला पिंपरी, चिंचवड, निगडीत दुकानांच्या काचांवर कागद लागले: 'जुन्या कॅसेटवरून डीव्हीडी करून मिळेल'.

आमच्या वडिलांनी कॅसेटी नेल्या 2007 च्या पावसाळ्यात. ते साल लक्षात आहे, कारण आकुर्डीच्या बजाजच्या कारखान्यातलं उत्पादन त्याच वर्षी थांबलं आणि आमच्या बैठ्या चाळीत दर दोन घरांमागे एक माणूस दिवसा घरी दिसू लागला. वडील दुसऱ्या कारखान्यात होते, पण हवा तीच होती. हातात एकरकमी पैसे आलेली माणसं त्या काळात दोन गोष्टी करत होती. घरावर मजला चढवत होती आणि कॅसेटींची डीव्हीडी करून घेत होती. दुकानदाराने चकत्या दिल्या आणि म्हणाला, 'काका, आता कॅसेट ठेवून काय करता, बुरशी लागते.' वडिलांनी त्या तिथेच सोडल्या. त्यांना दोष देत नाही. चकती म्हणजे कायमचं, असंच सगळ्यांना सांगितलं जात होतं.

खरं काय होतं ते चकतीच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही. डीव्हीडी म्हणजे 0.6 मिलीमीटरच्या दोन पॉलिकार्बोनेट चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली 1.2 मिलीमीटरची भाकरी. मजकूर मधल्या थरात. पिक्चरच्या छापील डीव्हीडीत तिथे साच्याने दाबलेले खड्डे असतात, ते टिकतात. पण दुकानात 'बर्न' केलेल्या चकतीत खड्डे नसतात, तिथे सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेसरने तो जागोजागी भाजलेला असतो. रंग म्हटला की तो ऊन, उष्णता आणि दमट हवेने विटणारच. चिकटवलेला डिंक सुटला की कडेने हवा शिरते. वर कागदी स्टिकर लावला की चकतीचा तोल जातो. ती फिरताना थरथरते आणि लेसरला ओळ सापडत नाही. म्हणजे ज्या चकत्या सर्वांत हौसेने सजवल्या, त्या सर्वांत आधी गेल्या. 'आत्याचं लग्न भाग 2' वर स्टिकर आहे.

आता हे वाचवायची साधनं कुठून आली ती गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती साधनं फुकट मिळतात म्हणून आपण त्यांचा इतिहासही फुकटात काढतो.

पिक्चरच्या कंपन्यांनी डीव्हीडी आणताना तिला एक कुलूप लावलं होतं. त्याचं नाव सीएसएस. परवाना घेतलेल्या प्लेअरकडेच किल्ली असायची. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी असा परवान्याचा प्लेअरच नव्हता. म्हणजे दुकानातून रीतसर विकत घेतलेली डीव्हीडीसुद्धा त्यांना पाहता येईना. 1999 च्या ऑक्टोबरात नॉर्वेतल्या यॉन योहानसेन या पंधरा वर्षांच्या पोराच्या नावाने ते कुलूप उघडणारा छोटासा प्रोग्राम बाहेर आला. त्याच्यावर खटला झाला. जानेवारी 2003 मध्ये तो सुटला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अपिलातही सुटला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की स्वतः विकत घेतलेली चकती स्वतः पाहणं हा गुन्हा नव्हे.

तिकडे पॅरिसच्या इकोल सेंत्राल या इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थ्यांना वसतिगृहासाठी वेगवान नेटवर्क हवं होतं. आतली गोष्ट अशी की ते खेळ खेळण्यासाठी हवं होतं. सांगायला मात्र उपग्रहावरचा टीव्ही नेटवर्कवरून सगळ्या खोल्यांत पोचवण्याचा प्रकल्प 1996 साली सुरू झाला. त्यातून व्हीएलसी निघालं. 1 फेब्रुवारी 2001 ला ते मुक्त परवान्याखाली आलं, म्हणजे कुणीही घ्या, वापरा, उघडून बघा, बदला. 2000 साली फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने एफएफएमपेग सुरू केलं. त्याला चेहरा नाही, बटणं नाहीत, नुसती आज्ञेची ओळ लिहायची. पण जवळजवळ कुठल्याही प्रकारचा व्हिडिओ ते उघडतं आणि दुसऱ्या प्रकारात घालतं. 2003 साली एरिक पेती याने हँडब्रेक लिहिलं, ते नेमकं डीव्हीडीवरून फाइल काढण्यासाठीच. त्याची 1.0 आवृत्ती यायला 2016 चा डिसेंबर उजाडला. तेरा वर्षं 'अजून पूर्ण झालं नाही' म्हणत राहणारे कारागीर मला आवडतात. केडेनलाइव्ह हे संपादनाचं साधन 2002 पासूनचं.

गंमत अशी की आपल्या लग्नाच्या डीव्हीडीला कुलूपच नसतं. दुकानदाराने बर्न केलेल्या चकतीवर सीएसएस येणार कुठून? म्हणजे भांडण झालं हॉलिवुडच्या कुलपावरून आणि त्यातून घडलेली हत्यारं उपयोगी पडतात चाकणच्या यात्रेला. कायद्याचंही तसंच. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कुलूप तोडण्याबद्दलचं 65अ कलम आलं, पण ज्याला कुलूप नाही त्याला ते लागत नाही. आणि 1957 च्या मूळ कायद्यातलं 17 वं कलम सांगतं की पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला किंवा फिल्म करून घेतली, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्याचा पहिला मालक पैसे देणारा. स्टुडिओने चकतीवर 'कॉपी करणे गुन्हा आहे' छापलं असलं तरी लग्नाचं चित्रण सहसा तुमचंच असतं. त्यावर मिक्स केलेलं गाणं मात्र तुमचं नाही, हे विसरू नका.

ही हत्यारं माझ्यापर्यंत आली तीसुद्धा चकतीवरूनच. घरी इंटरनेट म्हणजे फोनच्या तारेवरचं, सिनेमाएवढी फाइल उतरवायला आठवडा लागला असता. 'लिनक्स फॉर यू' मासिकाबरोबर सीडी यायची. 2005 पासून 2011 पर्यंत उबुंटूवाले कुणालाही पोस्टाने फुकट सीडी पाठवत. मी पत्ता भरला आणि विसरलो. काही आठवड्यांनी परदेशी तिकिटं लावलेलं पाकीट घेऊन पोस्टमन दारात. वडिलांना वाटलं नोकरीचं पत्र.

कामाला मात्र मी लागलो 2020 च्या टाळेबंदीत, इतर लाखो लोकांसारखाच.

पहिली चूक सगळे करतात तीच केली: चकती घातली आणि थेट हँडब्रेक चालवलं. यात्रेच्या डीव्हीडीचं काम झालं, फाइल छोटी झाली, खूश झालो. मग नीट पाहिलं तर धावणाऱ्या बैलांना कंगव्यासारखे दाते आलेले. इथे थोडं थांबू, कारण यातच सगळी मेख आहे. आपल्या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येतं: आधी विषम ओळी, मग सम ओळी. म्हणजे सेकंदाला 50 अर्धी चित्रं. जुन्या काचेच्या टीव्हीवर ते डोळ्याला जाणवत नसे. संगणकावर दोन्ही अर्धी एकदम दिसतात, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागात बैल वीतभर पुढे गेलेला असतो. म्हणून दाते. ते काढायला 'यादिफ' किंवा 'बीडब्ल्यूडिफ' नावाच्या गाळण्या आहेत. साध्या वापरात त्या 50 अर्ध्यांतून 25 पूर्ण चित्रं करतात. थोडी मेहनत घेतली तर 50 पूर्ण करतात, आणि मग बैल असा धावतो की आप्पा, म्हणजे माझे धाकटे चुलते, खुर्चीवरून उठून उभे राहिले.

आमच्याकडचा बैलगाडा हा मैदानातल्या शर्यतीसारखा नसतो. घाटाची चढती धाव, दोन जोड्या, पुढे घोडी आणि निकाल सेकंदांवर. प्रत्येक गाड्याची 'बारी' वेगळी धावते आणि घड्याळ ठरवतं. आमच्या बैलांची 1998 ची बारी साडेअकरा सेकंदांची होती, हे मी जन्मल्यापासून ऐकत आलोय. आता माझ्यासमोर सेकंदाला 50 चित्रं होती. निशाण पडल्यापासून निकालाच्या रेषेपर्यंत मोजली: 622. म्हणजे 12.44 सेकंद. कॅसेटवरून चकती करताना मधली चित्रं गळाली असतील, असं आप्पांच्या वतीने मीच म्हणून पाहिलं. पण चित्रं गळाली तर वेळ कमी भरतो, जास्त नाही. आप्पांना सांगितलं नाही. तसं कॅमेरा तिरका होता, रेषा नीट दिसत नव्हती, अशी सबब माझ्याकडे अजून आहे.

त्याच चकतीवर दुसरा पेच होता. एका बारीच्या आधी बैल पुढे सरत नाही म्हणून जे काही केलं जातं ते स्वच्छ दिसतं. ते पाहवत नाही. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. डिसेंबर 2021 मध्ये अटींसह पुन्हा परवानगी मिळाली, आणि मे 2023 मध्ये राज्याचा दुरुस्त कायदा न्यायालयाने कायम ठेवला. मधल्या साडेसात वर्षांत आमच्या घरातल्या पोरांनी घाट पाहिला तो याच चकत्यांवर. बंदी उठल्यावर चुलत भावाचा फोन आला: 'ती फाइल ग्रुपवर टाकायचीय, पण तेवढं मधलं काढ बाबा, लोक उगाच बोलतात.' कापणं सोपं होतं. एमपेग-2 मध्ये साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र असतं आणि मधली नुसती फरकाची नोंद असते. अव्हिडेमक्समध्ये त्या पूर्ण चित्रांवर सुरी ठेवली की पुन्हा न दळता तुकडा निघतो. मी ग्रुपसाठी कापून दिलं. मूळ प्रत तशीच ठेवली आणि तिच्याबरोबरच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलं की सार्वजनिक प्रतीत अमुक मिनिटापासून अमुक मिनिटापर्यंतचा भाग नाही. भावाला हे आवडलेलं नाही. पण उद्या कुणाला त्या काळी घाटात काय चालायचं ते खरोखर पाहायचं असेल, तर दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल असा पुरावा तोच आहे.

तर पद्धत अशी बसली. आधी चकतीची जशीच्या तशी प्रतिमा काढायची, काही न बदलता. मग त्यातल्या व्हीओबी फाइली जोडायच्या. एकच सलग चित्रण 1 जीबीला तोडून ठेवलेलं असतं, त्यामुळे एकामागे एक लावली की झालं. ही झाली तिजोरीतली प्रत. त्यावरून घरच्यांना मोबाइलवर पाहायला छोटी प्रत. संपादन करायचं ते छोट्या प्रतीवर. लोक उलट करतात: छोटी प्रत ठेवतात आणि चकती फेकतात, म्हणजे वडिलांनी कॅसेटींचं केलं तेच पुन्हा.

चोवीसपैकी सोळा चकत्या सरळ निघाल्या. 'दादा निरोप' त्यात होती. कँटीनमध्ये खुर्च्यांची रांग, मागे युनियनचा फलक, टेबलावर चांदीचा मुलामा दिलेली गणपतीची मूर्ती. वडील बोलायला उभे राहतात, खिशातून कागद काढतात, कागद परत ठेवतात आणि म्हणतात, 'काही चुकलं असेल तर माफ करा.' एवढंच. मग टाळ्या. एकतीस वर्षांच्या नोकरीचं भाषण चार सेकंदांचं. दोन चकत्या दुकानदाराने 'फायनलाइज' न करता दिल्या होत्या. डीव्हीडी रेकॉर्डरवर शेवटची अनुक्रमणिका लिहायची राहिली की दुसऱ्या यंत्राला चकती कोरीच दिसते. त्यातलं बरंचसं पुढे मिळालं. पाच चकत्यांत काहीच उरलं नव्हतं. उजेडात धरल्या तर आरपार ढग दिसतात.

राहिली 'आत्याचं लग्न भाग 2'.

लग्न 1993 च्या मे महिन्यातलं, गावच्या घरासमोर. आजी 2009 मध्ये गेली. तिचा एकही फोटो असा नाही ज्यात ती बोलते आहे असं वाटावं, आणि आवाज तर कुठेच नाही. घरात सगळे सांगायचे की त्या हळदीत आजीने ओव्या धरल्या होत्या. कॅसेट होती तेव्हा कुणी लक्ष देऊन ऐकलं नाही, कारण ती वाजायची तेव्हा सगळे आपापली तोंडं शोधत असायचे.

या चकतीवर डीडीरेस्क्यू चालवलं. हा प्रोग्राम म्हणजे समजूतदार म्हातारा आहे. चांगला भाग आधी भराभर उचलतो, जिथे अडतं ते सोडून पुढे जातो, सोडलेल्याची वही ठेवतो आणि मग त्या जागी पुन्हा पुन्हा येतो. कधी पुढून, कधी मागून. वही असल्यामुळे चकती एका ड्राइव्हमधून काढून दुसऱ्यात घालता येते. एका लेसरला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसू शकतं. स्टिकर काढायचा मोह आवरला, कारण तो ओढला तर वरचा थर सुटण्याची भीती. माझा जुना ड्राइव्ह, मित्राचा एक आणि जुन्या बाजारातून आणलेला एक, असे तीन ड्राइव्ह आळीपाळीने नऊ रात्री चालले. वेग अगदी कमी ठेवला होता. शेवटी वहीत थोडासा भाग वाचता न आलेला राहिला, आणि मी पुढे जोडाजोडी केली.

हळद सुरू होते. अपेक्षेप्रमाणे आवाज हिंदी गाण्याचा. बायका गोल बसलेल्या, मध्ये आत्या, पाटाभोवती तांब्ये. आजी डावीकडे, अर्धी खांबामागे. ओठ हलताहेत. गाणं काढून खालचा आवाज मिळेल का, म्हणून खूप झटापट केली. तेच गाणं स्वच्छ प्रतीत घेऊन उलटं करून वजा करता येतं, असं शास्त्र आहे. पण कॅसेटचा वेग एकसारखा नसतो, सुरांना पोक येतो, त्यामुळे वजाबाकी जमत नाही. आणि मुळात खाली काही नव्हतंच. मिक्सिंग करताना मूळ आवाज पूर्ण बंद केलेला. जे पुसलं गेलंय ते कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. मुक्त असो की विकतचं.

पण मिक्सिंगवाल्याचं गाणं संपलं आणि हळद संपली नाही. दुसरं गाणं सुरू करेपर्यंत त्याने मूळ आवाज सोडून दिला असावा. घाईत असेल, किंवा चहा प्यायला गेला असेल. देव त्याचं भलं करो. एकोणीस सेकंद. भांड्यांचा आवाज, एक लहान मूल रडतंय, आणि त्यावर बायकांचा एक उंच, सरळ, जरा चिरका सूर. मधे दोनदा चित्र ठोकळे होऊन थिजतं, वाचता न आलेला भाग नेमका तिथेच आहे, पण आवाज एकदाच तुटतो. मग ढोलकी आणि दुसरं गाणं.

ती एकोणीस सेकंदं वेगळी काढली, ऑडॅसिटीत खरखर थोडी कमी केली. जास्त नाही, जास्त केली की माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. फाइलला नाव दिलं 'आजी ओवी 1993' आणि आत्याला घेऊन बसलो.

आत्याने ऐकलं. पुन्हा लाव म्हणाली. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, 'ही आई नाही.'

'मग?'

'ही वरच्या आळीतली काकू. तिचाच गळा असा. आईला कुठला एवढा सूर.' मग बोट वर करून, 'थांब, मागचं लाव. हां. काकू सोडतीय आणि दुसरी झेलतीय ना, शेवटचे दोन शब्द, ती आई. ती कायम झेलायचीच. स्वतः कधी ओवी धरली नाही तिने.'

पुन्हा लावलं. ओळीच्या शेवटी, मुलाच्या रडण्याखाली, एक जाडसर, किंचित मागे पडलेला आवाज येतो आणि लगेच जातो. दोनदा. आत्याने पुढची ओवी स्वतःच म्हणायला सुरुवात केली, दोन ओळींवर अडली आणि काकूच्या सुनेला फोन लावायला उठली. मी फाइलचं नाव बदललं. काकूचं नाव आधी लिहिलं, मग 'झेलणारी: आजी', आणि एक प्रत काकूच्या घरी द्यायला पेन ड्राइव्हवर घातली.